आत्या कुटुंबात बसत नाही

विषय : अर्जदाराची आत्या श्रीमती पद्मावती हिचे नाव अर्जदाराच्या शिधापत्रिकेत दाखल करणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा मूळ अर्ज, त्या अर्जातील त्रुटी दाखविणारे आपले पत्र, त्या पत्रास अर्जदाराचा खुलासा, त्या खुलाशातील त्रुटी दाखविणारे आपले पत्र, आणि त्यानंतरचा सर्व पत्रव्यवहार.

…हसताय? हसा! पण हसून झालं की त्या संदर्भाच्या ओळीकडं एकदा नीट बघा. 'आणि त्यानंतरचा सर्व पत्रव्यवहार'! आहे की नाही देखणं? पाहुणे दारात आल्यावर घरातला सगळा पसारा एका चादरीखाली लोटावा, तसं वाक्य आहे ते. असं वाक्य सुचायला पाटबंधारे खात्यात डोक्याचे केस पांढरे करावे लागतात मंडळी, आणि मी ते केले. मी नेमगोंडा चौगुले, निवृत्त हेडक्लार्क, मुक्काम सांगली. साहेब आले, साहेब गेले, कालव्यात पाणी आलं, गेलं, पण पत्राचा मसुदा म्हटला की चौगुले! साहेब म्हणायचे, 'चौगुले, तुमच्या पत्रात बोट घालायला फट सापडत नाही हो!' कशी सापडेल? समोरच्याच्या मनात जी शंका उद्या येणार, तिचं उत्तर मी आज लिहून ठेवायचो. आणि तुम्हाला सांगतो, या प्रकरणात जेवढे म्हणून घोटाळे झाले, त्यातला एकही दुसऱ्या कुणी केलेला नाही. मसुदा माझाच!

त्याचं झालं काय, गेल्या साली… त्र्याहत्तर साल… आता त्या सालच्या दुष्काळाचं मी तुम्हाला काय सांगू, तुम्ही काय तेव्हा काश्मिरात होता? विहिरींचे तळ उघडे पडलेले, तिकडं आटपाडीकडं चांगल्या बागायतदारांच्या सुना खडी फोडायला बसलेल्या, आणि इकडं आम्ही पेन्शनर मंडळी कंट्रोलच्या दुकानापुढं पिशव्या धरून उभी. मिळायचं काय? मिलो! आठवतोय ना मिलो? ती परदेशातली तांबडी ज्वारी! थापताना विटेसारखी, भाजल्यावर विटेसारखी, आणि खाल्ली की पोटात जाऊन पुन्हा विटेसारखीच बसायची. तर अशा साली माझी आत्या साताऱ्याहून कायमची माझ्याकडं आली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, पद्मावती. फार लवकर विधवा झाली, मूलबाळ नाही, सगळा जन्म साताऱ्याला नवऱ्याच्या पुतण्याकडं, जवाहरकडं गेला. जवाहरच्या पोरांची लग्नं झाली, घर भरलं, कुणी काही बोललं नाही, पण आत्यानं आपली आपण ट्रंक भरली. म्हणाली, 'जागा लागती रं पोरांना. मी भावाच्या घरात मरीन की.' आली ती एक ट्रंक, पाणी गाळायची फडकी, आणि जवाहरनं आग्रहानं एस्टीच्या टपावर चढवलेलं शाळूचं, म्हणजे आपल्या पांढऱ्या ज्वारीचं, एक पोतं घेऊन.

आता आम्ही धर्मानं जैन आणि जिभेनं सांगलीकर! आमच्या घरात गुणमालेचा… म्हणजे माझ्या पत्नीचा… कांदा-लसणीचा ठेचा चोवीस तास हजर. आणि आत्या कशी? पाणी गाळल्याशिवाय नाही, धान्य दाणा-दाणा निवडल्याशिवाय नाही, सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब नाही, आणि जमिनीच्या पोटात वाढलेलं तर काहीच नाही. तेव्हा तिनं आल्या आल्या माती कालवली आणि स्वयंपाकघराच्या दुसऱ्या कोपऱ्यात स्वतःची चूल घातली. भांडण नाही, तंटा नाही! दोघी दोन चुलींपुढं बसून, एकमेकींकडं पाठ करून, अख्ख्या गल्लीबद्दल गप्पा मारत भाकरी थापायच्या. मला तर ते दृश्य फार आवडायचं. मला काय माहीत की त्या दोन चुलींमधून सरकारची हद्द गेली आहे!

पहिल्या खेपेचं रेशन मी आणलं आणि त्यातलं थोडं आत्याच्या डब्यात ओतायला गेलो, तर आत्यानं डब्यावर हात धरला.

'हे कुणाच्या नावचं रं, नेमू?'

'आमच्या तिघांच्या. मी, गुणमाला आणि आपला पोरगा धन्यकुमार.'

'माझं नाव हाय?'

'अजून नाही, पण…'

'मग सरकारनं मला कुठं दिलंय? न दिलेलं घ्यायचं म्हंजे चोरी. ओत माघारी.'

आत्यानं कधीकाळी मुनिमहाराजांपुढं व्रत घेतलेलं. जे आपल्याला दिलेलं नाही ते घ्यायचं नाही. मी म्हटलं, 'आत्या, मी देतोय की!' तर म्हणते, 'तुला तिघांचं दिलंय. तिघांचं चौघांत वाटाय तुला कुनी सांगितलं? चोरी तुझ्या हातची आनि पाप माझ्या पोटात व्हय?' म्हटलं, मग बाजारातून आणतो. बाजारात काय, ज्वारी होती! गवताच्या पेंढ्यांखाली दडवून, जिल्ह्याचं नाकं चुकवून आलेली! आत्यानं ते ऐकलं आणि माझ्याकडं असं बघितलं, की मला माझं पेन्शनसुद्धा चोरीचं वाटायला लागलं.

म्हणजे उरलं काय? ते पोतं! आत्या तिच्या पोत्यातलं खाणार, आणि पोतं संपलं की? 'संपल्यावर बघू.' अहो, ती संपल्यावर बघणार, पण मी रोज बघत होतो ना! आलं तेव्हा छातीएवढं उभं राहणारं पोतं हळूहळू खाली बसायला लागलं, आणि त्याच्याबरोबर आत्याही. आधी सकाळची भाकरी अर्धी झाली, मग 'आज उपास हाय,' मग 'भूकच न्हाई रं.' एक दिवस गुणमाला पोळपाट आपटून म्हणाली, 'अहो, जन्मभर सरकारला पत्रं लिहिलीत ना? मग म्हातारीचं नाव कार्डावर चढवायला एक अर्ज लिहिता येईना?'

लिहिता येईना? मला?

आमच्या शेजारी हंबीरराव राहतात. लष्करातनं हवालदार म्हणून रिटायर झालेले, साताऱ्याकडचे, भला माणूस. त्यांनी मला गेटावर गाठलं. 'आवं चौगुले, आमची सासू आली तवा मी काय केलं? एक वळ लिवली. सासू आलीया, नाव घाला. खलास! दुसऱ्या दिशी सासू कार्डावर. तुमी बी तसंच करा. लय लिवू नगा.' मी हसलो. एक ओळ! ना संदर्भ, ना पार्श्वभूमी! लष्करी माणूस, त्याला मसुद्यातलं काय कळणार?

मी तीन फुलस्केप पानं लिहिली. आत्याचा जन्म, आत्याचं लग्न, आत्याचं वैधव्य, आत्याचं साताऱ्यातलं वास्तव्य, आत्याचं स्थलांतर. मुद्देसूद! आणि शेवटी सवयीप्रमाणं मी खुर्चीवर मागं रेललो आणि विचार केला, की बाबा, उद्या समोरच्याच्या मनात शंका कोणती येईल? तर त्याला वाटेल, आत्या या घरात जेवते कशावरून? झालं! मी लिहिलं, 'सदर आत्या धार्मिक कारणास्तव त्याच स्वयंपाकघरात, परंतु स्वतंत्र चुलीवर, स्वतःचे अन्न स्वतः शिजविते.' कुणी विचारलं होतं? सांगा, कुणी विचारलं होतं? कुणीही नाही! मसुदा माझाच!

कचेरीत पुरवठ्याच्या टेबलावर दादासो म्हणून कारकून. तरणा पोरगा, स्वभावानं गोड. माझा अर्ज त्यानं अक्षर न् अक्षर वाचला. मधे मधे 'वा!' म्हणायचा. 'साहेब, असं मराठी आता कुणी लिहीत नाही हो!' मी मान लववली. आणि शेवटच्या पानावर त्याची तांबडी पेन्सिल थांबली.

'साहेब… स्वतंत्र चूल?'

'हो, धार्मिक कारणास्तव.'

'कारण असू दे कुठलंही. पण कुटुंब म्हणजे एका छपराखाली राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं. आत्या तुमच्या कुटुंबात बसत नाही.'

'अहो, घरात बसते की रोज!'

'घरात बसू दे की साहेब, आम्ही कुठं उठवतोय? पण कुटुंबात बसत नाही.'

'बरं, मग ती वेगळी समजा आणि तिला वेगळं कार्ड द्या.'

'वेगळ्या कुटुंबाला वेगळं दार पाहिजे. दाराला नंबर पाहिजे. आहे दार?'

'चूल आहे, दार नाही.'

'मग वेगळ्या कुटुंबातही बसत नाही.'

आता मला सांगा, मी चिडायला हवं होतं की नाही? मी चिडलो नाही! मला त्या पोराचं कौतुक वाटलं. काय बिनतोड बोलला! आमच्या खात्यात असता तर मी त्याला माझ्या हाताखाली घेतला असता! मी खुर्ची पुढं ओढली आणि म्हटलं, पुढं काय करावं? तर तो म्हणाला, 'आधी त्यांचं नाव साताऱ्याच्या कार्डावर आहे ना? ते कमी केल्याचा दाखला आणा. त्याशिवाय इकडं विचारच करता येत नाही.'

सकाळच्या एस्टीनं मी साताऱ्याला. जवाहरला बरोबर घेतलं, तिकडच्या कचेरीत गेलो, अर्ज दिला… अर्धं पान, प्रवासात लिहिलेला, जरा घाईतला… आणि तुम्हाला सांगतो, आम्ही समोरच्या हॉटेलात चहा पिऊन येईपर्यंत दाखला तयार! शिक्का, सही, तारीख! मी त्या कारकुनाचा हात हातात घेतला. म्हटलं, कचेरी असावी तर अशी! जवाहर बिचारा म्हणत होता, 'दादा, आत्ताच कमी करायची काय गरज आहे? तिचं धान्य मी दर खेपेला इथून पाठवत जाईन की.' मी म्हटलं, 'छे, छे! एका माणसाचं नाव दोनीकडं नको. काम पक्कं पाहिजे.'

काम पक्कं झालं! दादासोनं दाखला उजेडाला धरून बघितला.

'म्हणजे आता त्या साताऱ्यात नाहीत.'

'नाहीत!' मी म्हटलं, छाती काढून.

'आणि इथं तर आपण अजून घेतलेल्या नाहीत.'

'नाही…'

'म्हणजे सरकारच्या दृष्टीनं…' आणि तो पुढं बोललाच नाही. संस्कारी पोरगा!

घरी मात्र कुणी संस्कार पाळले नाहीत. गुणमाला म्हणाली, 'म्हणजे एस्टीला पैसे घालून, दिवस मोडून, म्हातारीचं होतं ते नावही तुम्ही पुसून आलात?' मी म्हटलं, 'तात्पुरतं.' जन्मभरात सरकारी काम मी एका दिवसात करून आणलं ते एवढंच! आणि आत्या? आत्या निवडलेली ज्वारी सुपात पाखडत होती, ती मान वर न करता म्हणाली, 'असू दे गं. मेल्यावर कराय लागनारं काम आधी झालं. मागं त्याची धावपळ नको.'

तुम्ही हसलात. मीही हसलो. पण त्या दिवशी आत्यानं भाकरी केलीच नाही, आणि ती 'भूक न्हाई' असंही म्हणाली नाही, तेव्हा माझं हसू जागच्या जागी राहिलं.

मग मी खुलासा लिहिला. त्रुटीला खुलासा! आता यात मी कुटुंब या गोष्टीच्या मुळाशीच हात घातला. अहो, सरकारी नोकरीत एवढी वर्षं काढलेल्या माणसाला विचारा कुटुंब म्हणजे काय! बदलीच्या भत्त्याचा कागद आला की माझं कुटुंब केवढं? बायको, पोरगं, आणि जपून विचारलं तर आई. दवाखान्याचं बिल आलं की आई बाहेर, कारण तिच्या नावावर एक गुंठा जमीन निघालेली! पोराच्या फीची सवलत मागायला गेलो की माझा भाऊसुद्धा माझ्या कुटुंबात, कारण त्याची मिळकत धरायची होती! द्यायचं असलं की माझं कुटुंब आखडायचं, आणि नाकारायचं असलं की फुगायचं. म्हणजे कुटुंब एकच, माणसं तीच, आणि कागदागणिक ते रबरासारखं… असो. हे सगळं मी खुलाशात लिहिलं. भाषा जरा सढळ झाली, कबूल आहे. दादासोला ते इतकं आवडलं, की त्यानं ते शेजारच्या टेबलावर वाचून दाखवलं. मग मला हळूच म्हणाला, 'साहेब, यादी अशी आहे. पती, पत्नी, अज्ञान मुलं, अवलंबून असलेले आईवडील. आत्या तुमच्या वडिलांच्या कुटुंबातली. वडिलांचं कार्ड आहे का?'

'वडील वारले, तेव्हा कार्डं निघालीच नव्हती.'

'मग जरा अवघड आहे.'

यावर मी आणखी एक पत्र लिहिलं, आणि हे मात्र माझ्या हातचं सर्वोत्तम पत्र, हे मी आजही म्हणेन! त्यात मी म्हटलं, नातं-गोतं बाजूला ठेवा, आपलं चुलीचं तत्त्वच धरा. 'जो ज्या चुलीवर जेवतो तो त्या कुटुंबातील, हे तत्त्व अर्जदारास पूर्णतः मान्य असून, त्याच्या अंमलबजावणीसाठी आपण प्रत्यक्ष स्थळपाहणी करून खात्री करून घ्यावी, ही विनंती.' माझा बेत असा, की तपासणीला माणूस येईल, म्हातारी बघेल, पोतं बघेल, त्याला दया येईल. दया काही टपालानं जात नाही ना, म्हणून माणूसच बोलावून घेतला! मसुदा माझाच!

तपासणी ठरली आणि घरात मोहीम सुरू झाली. गुणमाला म्हणाली, 'आत्याबाईंच्या चुलीवर सरपण रचून ठेवू आणि त्यांना माझ्या चुलीपुढं बसवू. आहे काय त्यात!' हंबीररावांनी तर कवायतच घ्यायला सुरुवात केली. 'आत्याबाई, सायेब इच्यारंल, किती चुली? तुमी म्हनायचं, आमी समदी एकच. बास! फुडं एक शब्द न्हाई. इन्स्पेक्शनच्या दिशी लष्करात बी आमी असंच…'

'दोन हायत की चुली,' आत्या म्हणाली.

'व्हय, पर सांगायचं न्हाई.'

'इच्यारल्यावर?'

'इच्यारल्यावर गप बसायचं.'

'इच्यारल्यावर गप बसनं खोटंच की, हवालदार.'

हंबीररावांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, 'चौगुले, ही म्हातारी शत्रूच्या हाती लागली तर समदी पलटन जाईल!'

आता इथं एक गोष्ट सांगायची राहिली. म्हणजे मी ती पत्रात लिहिली नव्हती, आणि तीन-तीन पानं लिहिणारा मी नेमकी तेवढीच लिहायची विसरलो, हे बघा! माझं पोट. डॉक्टरनं मला तिखट बंद केलेलं, गुणमालेला तिखटाशिवाय भाजी फोडणीला टाकता येत नाही, आणि आत्याचं आळणी, हलकं, दिवसाउजेडी. तेव्हा आत्या आल्यापासून मी जेवत होतो आत्याच्या चुलीवर! आता आत्याचा शाळू मी खायचो असं समजू नका हं! माझ्या वाट्याचा मिलो मी तिला द्यायचो, ती त्याची भाकरी मला करायची. माझी तांबडी, तिची पांढरी, तवा एक. मी कितीदा म्हटलं, आत्या, यातला एक चतकोर घे. 'ते तुझ्या नावचं,' ती म्हणायची. संपला विषय.

लालासाहेब म्हणून तपासनीस आले. शांत माणूस, पायात धूळ, सकाळपासून उन्हात फिरलेला. गुणमालेनं पाणी दिलं, चहा दिला, आणि तोंडभरून सांगितलं, 'आम्ही सगळे एकच हो!' हंबीरराव दारात उभे राहून मान डोलावत होते. लालासाहेब उठले, स्वयंपाकघरात गेले. आत्या तिच्या चुलीपुढं. चूल पेटलेली. चुलीच्या कडेला दोन भाकऱ्या उभ्या करून ठेवलेल्या, एक पांढरी, एक तांबडी.

'आजी, ही पांढरी कुणाची?'

'माझी.'

'आणि ही तांबडी?'

'नेमूची.'

'नेमू कोण?'

आणि नेमका त्या क्षणी, मंडळी, हातात ताट आणि बगलेत पाट घेऊन, परसात पाय धुवून, घरात कोण आलंय याचा पत्ता नसताना, मी आत! 'आत्या, वाढ गं, दिवस बुडत आला!'

आता तुम्हीच सांगा, नाटकात कुणी असा प्रवेश लिहिला तर तुम्ही म्हणाल, ओढूनताणून आणलंय! लालासाहेबांनी माझ्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं, तांबड्या भाकरीकडं बघितलं.

'चौगुलेसाहेब, आपण कोणत्या चुलीवर जेवता?'

फट नसलेलं पत्र लिहिणारा मी! आणि माझ्या वतीनं आत्या बोलली, 'माझ्या. रोज. लहानपनापास्नं पोट नाजूक हाय त्याचं.'

लालासाहेबांनी पेन काढलं. तुम्हाला सांगतो, त्या माणसाला खरोखर वाईट वाटत होतं. म्हणाला, 'मग साहेब, आपणही यांच्या कुटुंबात बसत नाही.'

'कुणाच्या?'

'आपल्या.'

'माझ्या कुटुंबात मी बसत नाही?'

'चुलीचं तत्त्व धरलं तर नाही. आपण आजींच्या कुटुंबात.'

'पण आजींचं कुटुंब तर तुमच्याकडं नाहीच ना!'

'नाही. अजून नाही.'

दारातून हंबीरराव हळहळले, 'म्हंजी ह्येस्नी आता पलटनच उरली न्हाई!' मी म्हटलं, 'अहो पण हे तत्त्व काढलं कुणी?' लालासाहेबांनी पिशवीतून कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. जो ज्या चुलीवर जेवतो तो त्या कुटुंबातील, हे तत्त्व अर्जदारास पूर्णतः मान्य असून… अक्षर मोत्यासारखं! मसुदा माझाच!

पुढच्या खेपेला दुकानदारानं कार्ड उघडलं. माझ्या नावावर आडवी रेघ आणि वर लिहिलेलं, कुटुंबप्रमुख, सौ. गुणमाला. माझा मिलो बंद! गुणमाला त्या दिवशी पिशवी घेऊन माझ्यापुढून अशी चालत आली, की मी नकळत बाजूला होऊन वाट दिली.

संध्याकाळी आत्यानं एकच भाकरी केली. पांढरी. ती तिनं मधोमध मोडली, आणि मोठा तुकडा माझ्या ताटात ठेवला. मी म्हटलं, 'आत्या, मी गुणमालेच्या चुलीवर जेवीन. होईल ते होईल पोटाचं.'

'तिथं तरी तुझं नाव कुठं हाय आता?' आत्या म्हणाली. 'खा. हे माझं हाय, आनि मी दिलंय.'

तुम्हाला सांगतो, साठी जवळ आलेला माणूस मी, आणि तो तुकडा ताटात नुसता फिरवत बसलो. म्हातारीच्या तोंडाला घास लागावा म्हणून निघालो होतो, आणि आता तिच्याच तोंडातला निम्मा घास माझ्या ताटात! पोतं तर आता भरभर खाली जायला लागलं. एका सकाळी आत्यानं ते उलटं करून झटकलं. चार दाणे पडले. ते तिनं वेचले, चिमणीला टाकले, पोत्याची घडी घातली आणि ट्रंकेवर ठेवली. मी आणि गुणमाला दोघं बघत होतो.

मग आत्या उठली. मापटं घेतलं, डोक्यावरून पदर घेतला, मागच्या दारानं बाहेर पडली. आम्हाला वाटलं, देवळात चालली असेल. तर ही परसातून वळसा घालून, बोळातून, सगळ्या घराला फेरी मारून पुढच्या दारात येऊन उभी! उंबऱ्याच्या बाहेर! आणि हाक मारते, 'गुणमाला, हायस का गं घरात? मापटंभर पीठ उसनं दे की. माझं कार्ड झालं की परत करीन.'

गुणमाला पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर गेली. मी मागोमाग. म्हटलं, 'आत्या! अगं, ही चोरी नाही का? न दिलेलं घ्यायचं नाही ना तुला?'

'चोरी कसली? शेजारनीकडनं उसनं मागाय आलोय न्हवं? घरच्या घरात घेतलं आसतं तर चोरी झाली आसती. पन आता सरकारनंच लिवून दिलंय, ही कुटुंबं येगळी हायत. येगळ्या घरातनं उसनं चालतंय की! समदी गल्ली चालवती.' आणि मग माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, 'एकटी आसतो तर न मागता बसलो आसतो. पन माझ्या पदरात सरकारनं खानारं घातलंय. त्याला काय घालू?'

गुणमालेनं मापटं घेतलं, आत गेली, शीग लावून भरून आणलं. देताना म्हणाली, 'द्यायचं काही नाही हो शेजारीणबाई, पण आठवणीनं परत करा. दुष्काळाचे दिवस आहेत, आणि तुमच्याकडचा तो माणूस खातोही पुष्कळ.' आणि दोघी अशा हसल्या, अशा हसल्या, की उंबऱ्याच्या या बाजूला निम्मं आणि त्या बाजूला निम्मं पीठ सांडलं.

तेव्हापासून आत्या दोन वेळा जेवते. भाकरी तांबडी, विटेसारखी, पण दोन वेळा! आणि मी? मी नेमगोंडा चौगुले, निवृत्त हेडक्लार्क, माझ्याच घरात, माझ्याच बायकोकडून उसन्या आणलेल्या पिठावर दुष्काळभर जगलो. आता पाऊस झाला, पिकं आली, बाजारात ज्वारी उजळ माथ्यानं मिळायला लागली, ती आत्या बाजारातून घेते. पण उसनं फेडायचं राहिलंय. मी म्हटलं, ज्वारीनं फेड. तर म्हणते, 'मिलो घेतला, मिलोच देनार. आनि तो कार्डाबिगार मिळत न्हाई.'

म्हणून आता नवीन अर्ज केलाय. अर्जदार आत्या. मला लिहू दिला नाही. 'तू हात लावू नगंस,' म्हणाली, आणि हंबीररावांकडून एक ओळ लिहून घेतली, मी आनि माझा भाचा एका चुलीवर जेवतो, कार्ड द्यावं. दादासोनं तो वाचला, आत्यानं तोंडी सांगितलं म्हणून मागचं दार तिचं असं मान्य केलं, दाराच्या नंबरासाठी नगरपालिकेकडं कागद धाडला. सगळं सुरळीत. एकच शंका त्यानं काढली, की कुटुंबप्रमुखाचा भाचा कुटुंबात बसतो की नाही, हे यादीत नाही. त्यावर वरून मार्गदर्शन मागवलंय. परवा मी चौकशीला गेलो, तर पोरगं उठून उभं राहिलं, खुर्ची दिली, चहा मागवला, आणि म्हणालं, 'साहेब, वर पाठवायचं पत्र मला काही केल्या जमेना हो. तेवढा मसुदा आपण करून दिलात तर…'

मी करून दिला. तीन पानं.

सदर अर्ज प्रलंबित आहे.